धुळाप्पामामांना न पटलेलं तापमान

पहिल्याच भेटीत धुळाप्पामामांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, फोटो बघितला, माझं तोंड बघितलं आणि ते कार्ड घेऊन समोरच्या ईरण्णाच्या किराणा दुकानात गेले. तिथं ईरण्णाकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं. मामांना वाचता येत नव्हतं असं नाही, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पण एकट्यानं वाचलेलं खरं कशावरून, असं त्यांचं म्हणणं. मी तोवर जळकोटच्या उन्हात दारात उभी. मला तेव्हाच राग आला होता, आणि तो पुढचे चार महिने गेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी शिवांजली. धाराशिवला राहते, सिव्हिल इंजिनिअर आहे. उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी घरं थोडक्या खर्चात राहण्याजोगी करायची, असं काम करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. घराची मापं घ्यायची. भिंत कशाची, स्लॅब किती जाड, खिडकी कुठल्या बाजूला, आत माणसं किती, हे सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला सांगायचं. मग ते घर स्क्रीनवर उभं राहतं. त्यातल्या एखाद्या खोलीवर क्लिक केलं की त्या खोलीचं तापमान तासातासाला किती असेल, ते वर्षभराच्या रेघेत दिसतं. स्लॅबला पांढरा थर दिला तर ती रेघ किती खाली येते, वर झरोका ठेवला तर किती, हे खरी वीट हलवायच्या आधी बघता येतं. मला हे काम आवडतं आणि माझ्या रेघांवर माझा विश्वास असतो. म्हणूनच मामांचं आणि माझं जमणं अवघड होतं.

मामा शेळ्या राखतात. सकाळी सातला कळप घेऊन बाहेर पडायचं आणि दिवस कलला की परत यायचं, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आणि तेवढ्याच वर्षांचा दुसरा शिरस्ता म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. एसटीचं तिकीट काढलं की शेजारच्या माणसाचं तिकीट मागून ताडून बघायचं. रस्ता विचारायचा तर दोघांना, तेही एकमेकांना ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. मुलगा बालाजी पुण्याकडं कंपनीत आहे. तो फोनवर ‘बरा आहे’ म्हणाला की मामा त्याच्या खोलीतल्या मित्राला फोन द्यायला लावतात आणि विचारतात, ‘बरा हाय का ह्यो?’

अपवाद एकच, बायको कोंडाबाई. त्या काही म्हणाल्या की ते झालं, पुढं चौकशी नाही.

आणि माझं त्या घरी जाणं कोंडाबाईंमुळंच झालं. आदल्या वर्षी मे महिन्यात त्या दुपारच्या घरातच पडल्या. संध्याकाळी पाचला शेजारच्या शांताक्का ताकाचं भांडं परत द्यायला आल्या, तर कोंडामामी जमिनीवर, अंग तापलेलं, शुद्ध नाही. सोलापूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. उष्माघात. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळ्यात ह्यांची खोली पस्तीसच्या वर जाता कामा नये, दुसऱ्यांदा असं झालं तर काही खरं नाही. मामांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, घर बांधणाऱ्या ठेकेदारानं स्लॅबमध्ये खाल्लं असणार, म्हणूनच खोली एवढी तापते. दुसरी, कोंडाबाईंनी दुपारी शेळ्यांच्या कामाला हात लावायचा नाही, नुसतं पडून राहायचं. ते जमणार नसेल तर सगळा कळप विकून टाकायचा. बालाजीनं आमच्या संस्थेकडं अर्ज केला आणि फेब्रुवारीत मी टेप आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात येऊन उभी राहिले.

“खोलीत माणसं किती असतात?” मी विचारलं.

“कशापायी पायजे?”

“माणसाच्या अंगातून उष्णता निघते. ती धरावी लागते.”

“मान्साची गरमी बी मोजता तुमी?”

“मोजतो.”

“आन कुनाला दाखवता?”

मी पेन खाली ठेवलं. दारात उभ्या असलेल्या कोंडामामी म्हणाल्या, “दोगंच की. ह्ये रातीला, आन म्या.” मामांनी मान हलवली, “ल्हिवा, दोगं.” मी लिहिलं.

पुढचा रकाना जनावरांचा होता. “शेळ्या किती?”

“हायेत.”

“किती?”

“हायेत म्हनलं की.”

हे मला ठाऊक असायला हवं होतं. शेळ्या-मेंढ्या राखणारा माणूस कळपाचा आकडा परक्याला सांगत नाही, दृष्ट लागते. मामा तर स्वतःशीही मोजत नाहीत. संध्याकाळी कळपावरून नजर फिरवतात आणि कोण नाही ते त्यांना तोंडावरून कळतं. मी रकान्यात ‘आहेत’ असं लिहिलं. शेळ्या अंगणापलीकडं पत्र्याखाली बांधतात, खोलीचा त्यांच्याशी संबंध नाही, असं म्हणून पुढं गेले.

पंधरा दिवसांनी मी स्क्रीनवरची खोली दाखवायला गेले. मामा चष्मा लावून बसले.

“ही मे महिन्यातली रेघ,” मी म्हणाले. “आत्ता आहे तसं घर ठेवलं तर दुपारी तीनला साडेसदतीस. पांढरा थर, वर दोन झरोके आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली, एवढं केलं तर चौतीस.”

“ह्यो मे हाय?”

“हो.”

“आत्ता तर फेब्रुवारी हाय.”

“हो.”

“मग मे कुठनं आनला?”

मागच्या कित्येक वर्षांच्या हवामानाचे आकडे असतात, त्यावरून हिशेब होतो, असं मी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे अंदाज. मी म्हणाले, हिशेब. ते म्हणाले, अंदाजच. मग त्यांनी मला दार उचलून पश्चिमेला करायला लावलं. केलं. आकडा अर्ध्या डिग्रीनं चढला. स्लॅब काढून पत्रा टाकायला लावला, आकडा चांगलाच चढला. मग समोरच्या ईरण्णाचं दुकान दाखवा म्हणाले. ते मी भरलेलं नव्हतं, तर त्यावरही डोळे बारीक झाले. तरी खरं सांगते, दार फिरवून बघायची युक्ती मला आवडली. आमच्या कार्यालयात येणाऱ्या साहेबांनाही ती कधी सुचली नाही.

“चित्र न्हाय, येवढं खरं,” मामा उठता उठता म्हणाले. “पन खोटा मानूस बी इचारल तसं उत्तर बदलतोच की.”

मार्चमध्ये काम झालं. पांढऱ्या थराचे दोन हात बसेपर्यंत मामा स्लॅबवर उभे होते. त्या दोन दिवसांपुरत्या शेळ्या त्यांनी धोंडीबा नावाच्या दोस्ताकडं सोपवल्या होत्या, आणि दर तासाला धोंडीबाला फोन चालू होता. काम संपल्यावर मी खोलीच्या भिंतीवर तापमान नोंदणारी छोटी डबी टांगली. ती दर दहा मिनिटांनी आकडा साठवते. मामांनी तिच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःचा थर्मामीटर आणून तिच्या शेजारी टांगला. “तुमची डबी तुमच्या बाजूची,” म्हणाले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी डबी लॅपटॉपला जोडली. माझी रेघ निळी, डबीची लाल. दुपारी माझी रेघ चौतीसवर होती. लाल रेघ अडतीसच्या वर.

मामा माझ्या खांद्यामागून बघत होते. “ही वरची कुनाची?”

“खरी.”

“आन खालची?”

“माझी.”

ते माझ्यामागून बाजूला झाले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आतल्या खाटेवर कोंडामामी बसल्या होत्या, चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले, आणि ‘बरं हाय की मला’ म्हणत होत्या. डॉक्टरांनी पस्तीस सांगितलं होतं. माझ्या भरवशावर ती बाई अडतीसमध्ये दुपारी काढत होती. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

तीन दिवस मी एकेक आकडा तपासला. विटा, प्लास्टर, थराचा रंग, झरोक्यांचं माप. मामा म्हणतात तसं ठेकेदारानं खरंच खाल्लं असेल म्हणून स्लॅब पातळ करूनही बघितला. काही जुळेना. शेवटी मी दोन्ही रेघा एकाच दिवसापुरत्या मोठ्या करून बघितल्या आणि सरळ होऊन बसले. रात्रभर आणि सकाळी अकरापर्यंत निळी आणि लाल रेघ एकमेकींना धरून चालत होत्या. साडेअकराला लाल रेघ एकदम वर उडी घ्यायची आणि साडेपाचला खाली यायची. रोज. ऊन घड्याळ बघून तापत नाही, स्लॅबलाही साडेअकराची घंटा कळत नाही. हे माणसाचं काम होतं.

आणि माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच आला. मला खोटं पाडायला हा म्हातारा डबी काढून उन्हातल्या भिंतीवर टांगत असणार, किंवा चुलीशेजारी. मी रागातच फोन लावला आणि तसं बोलून टाकलं. पलीकडं शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

“ताई,” मामा म्हणाले, “म्या खोटं बोलत न्हाय. म्या फकस्त इस्वास ठिवत न्हाय. दोन्ही येगळं हाय.”

मला लाज वाटली, पण राग मोठा होता. “मग उद्या दोन वाजता मी येते. तुम्हीही या. डबी कुठं आहे ते दोघं मिळून बघू.”

“येतो. कुनाला सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी मामा कळप धोंडीबाच्या हवाली करून रस्त्यावरच माझी वाट बघत उभे होते. मी एकटी आधी घरात शिरू नये, म्हणून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराचं दार बंद, खिडकीवर आतून गोणपाट टाकलेलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. दोघांनाही वाटत होतं की आता समोरच्याची चोरी सापडणार.

त्यांनी दार ढकललं.

आतून आलेली वाफ तोंडावर बसली. खोलीभर करडं होती. खाटेखाली, खाटेवर, भिंतीला टेकून, एकमेकांच्या अंगावर. काळी, कान लोंबणारी, महिना-दोन महिन्यांची, अजून कळपाबरोबर रानात न जाणारी. मधोमध जमिनीवर कोंडामामी बसल्या होत्या, डोक्यावर ओलं फडकं, मांडीवर सगळ्यांत बारकं करडू, आणि त्याला बोटानं पाणी पाजत होत्या. डबी भिंतीवर जागच्या जागी होती. तिच्या शेजारी मामांचा थर्मामीटर.

मामांना बघून करडं उठली आणि त्यांच्या पायाशी गोळा झाली.

“पत्र्याखाली मरत्यात ती,” कोंडामामी म्हणाल्या. “दोन सालामागच्या उन्हाळ्यात किती गेली ते तुमाला ठावं हाय. दोन दिस जेवला न्हाई तुमी.”

“रोज आनतीस आत?”

“तुमी गेल्यावर, ऊन चढलं की. यायच्या आदी भाईर काडते आन झाडून घेते.”

“मागल्या साली पडलीस तवा बी?”

“व्हय. करडं शांताक्कानं भाईर काडली, तिला म्याच मागनं बोलू नगं म्हनलं.”

“डाक्टरला बोललीस?”

“न्हाय.”

“मला?”

मामींनी मांडीवरच्या करडाच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमी कळप इकला असता. आन मग तुमी काय केलं असतं दिसभर?”

मामा करडांमध्येच खाली बसले. मला आतापर्यंत त्यांचा राग यायचा, त्या क्षणी मला रडू आलं. एसटीच्या तिकिटापासून बालाजीच्या तब्येतीपर्यंत सगळं ताडून बघणारा हा माणूस, आणि त्याच्या घरात रोज दुपारी काय चालतं ते त्याला माहीत नव्हतं.

आम्ही आधी करडं बाहेर काढून अंगणातल्या लिंबाखाली नेली, वर ओली गोणपाटं बांधली. मामींना शांताक्कांच्या घरी कूलरसमोर बसवलं. मग मी ओसरीवर लॅपटॉप उघडला, कारण मला दुसरं काही करता येत नाही.

“मामा, करडं किती आहेत ते सांगावं लागेल,” मी म्हणाले. “प्रत्येकाच्या अंगातून उष्णता निघते, श्वासातून दमटपणा येतो. आकडा कळला तर खोलीचं खरं कळेल.”

मामांनी समोर बघितलं, ईरण्णा दुकानातून मान बाहेर काढून बघत होता. मामांचे ओठ हलले, पण आकडा काही बाहेर येईना. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या उजव्या हातावर टाकलं आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. शेळ्यांच्या बाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे तिसऱ्याला किंमत कळत नाही. त्यांनी आधी माझी दशकाची बोटं दाबली, मग सुटी. खरखरीत हात होता. मी दुसऱ्या हातानं आकडा भरला. तो मी इथंही लिहिणार नाही.

करडं आत असण्याची वेळ साडेअकरा ते साडेपाच अशी टाकली, खिडकी बंद केली आणि हिशेब चालवला. निळी रेघ साडेअकराला वर उडाली आणि लाल रेघेला जाऊन चिकटली. अडतीस पूर्णांक एक. डबी म्हणत होती अडतीस पूर्णांक तीन.

मला आनंद झाला. हे कबूल करायला जड जातं, पण झाला. माझी रेघ खरी होती, चार महिन्यांनी ते सिद्ध झालं होतं, आणि मी हसत मामांकडं वळले.

“पटलं,” ते म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. “ताई, ह्यात मागल्या सालचा मे निघतो का? ती पडली तो दिस?”

निघतो, मी म्हणाले. पांढरा थर काढला, झरोके बुजवले, भिंतीवरची सावली काढली, त्या दिवशीचं बाहेरचं ऊन भरलं. त्या वर्षी करडं जास्त होती. किती, ते मामींना विचारायला मामा स्वतः शांताक्कांकडं गेले आणि येऊन पुन्हा उपरण्याखाली सांगितलं.

“बारा वाजता किती?”

“अडतीस.”

“येक?”

“एकोणचाळीस.”

“दोन?”

“चाळीसच्या वर.”

“तीन?”

मी थांबले. नको मामा, असं म्हणाले. त्यांनी स्वतःच स्क्रीनवर बोट ठेवलं आणि रेघेवरून पुढं सरकवत नेलं. तीनला एक्केचाळीस होते. चारला थोडे जास्तच. पाचला शांताक्का ताकाचं भांडं घेऊन आल्या होत्या.

“बारापसनं म्या तळ्याकडं हुतो,” मामा म्हणाले. “वडाखाली. कळप बसवला, भाकर खाल्ली आन निजलो. तितं वारं लई गार येतं. त्या दिशी तर लईच गाढ झोप लागली हुती, आजून ध्यानात हाय.”

बोट स्क्रीनवरच होतं. डोळे पुसायला त्यांनी उपरणं शोधलं, ते माझ्याकडंच राहिलं होतं. मी दिलं.

“ठेकेदारावर शक घेतला,” ते म्हणाले. “शिमिटवाल्यावर घेतला. तुमच्यावर घेतला. हिच्यावर तेवडा घ्यायचा ऱ्हायला.”

त्याच आठवड्यात आम्ही करडांसाठी वेगळी जागा केली. लिंबाच्या सावलीत कुडाच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, खाली ओली वाळू. ती जागाही आधी स्क्रीनवर उभी केली, आणि मामांनी तिचं दार चारही दिशांना फिरवून बघितलं. एकही करडू गेलं नाही. मामींच्या खोलीत त्यानंतर उरलेल्या मे महिन्यात डबी चौतीस पूर्णांक चारच्या वर चढली नाही. मामांच्या थर्मामीटरनंही तेच सांगितलं, म्हणून ते मान्य झालं.

चाळीस वर्षांचा शिरस्ता मात्र मोडला. आता मामा दुपारी धोंडीबाला कळपाशी बसवून घरी येतात. बाराच्या सुमाराला येतात, कधी पाच मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं नंतर, म्हणजे नेमकी वेळ कुणाला कळू नये. हाक मारत नाहीत, कडी वाजवत नाहीत. सरळ दार उघडून आत बघतात. मग तिथंच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसतात.

कोंडामामी मला फोन करून तक्रार सांगतात. “म्हातारपनी माज्यावर पाळत ठिवत्यात बगा,” म्हणतात. “येका शब्दाचा इस्वास ऱ्हायला न्हाय ह्यास्नी.” असं दहा मिनिटं चालतं. मग मध्येच त्या घाईघाईनं फोन ठेवतात, कारण बारा वाजत आलेले असतात.